गाडी कुणाची, विकतो कोण?

१. बैल आणि मोटार

बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी काय करतो? आधी बैलाचे दात बघतो. खूर बघतो. चार पावले चालवून बघतो. मग एक प्रश्न विचारतो, "बैल कुणाचा?"

आपल्या बीड जिल्ह्यात नेकनूरचा जनावरांचा बाजार नावाजलेला आहे. तेथे दावे हातात धरून उभा असलेला माणूस मालकच असेल असे नाही. तो दलाल असेल, नाहीतर मालकाचा गडी असेल. म्हणून जाणता शेतकरी म्हणतो, "मालकाला बोलवा. पैसे त्याच्या हातात देतो."

पण तोच शेतकरी जुनी मोटार घ्यायला जातो, तेव्हा हा प्रश्न विसरतो. गाडीचा रंग बघतो. टायर बघतो. आत गाणी वाजतात का ते बघतो. गाडी कुणाची, हे मात्र विचारत नाही. समोरचा म्हणतो, "माझ्या मेव्हण्याची आहे. तो पुण्याला असतो. मीच सगळं बघतो." एवढ्यावर आपण समाधान मानतो आणि कमरेचे पैसे सोडतो.

असे का होऊ नये, हे समजण्यासाठी आधी एक गोष्ट वाचू.

२. तात्या, माई आणि पांढरी गाडी

धारूरच्या डोंगरपट्ट्यात एक गाव आहे. तेथे तात्या आणि माई राहतात. दोघे मिळून एक कोयता. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जातात. उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. घरी म्हातारी आजी आणि दहावीत शिकणारी मुलगी.

आजीचे दुखणे जुने. महिन्यातून दोनदा तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यावे लागे. एस. टी. फाट्यावर थांबते. फाट्यापर्यंत आजीला चालवत नाही. दर खेपेला भाड्याची जीप सांगावी लागे. भाड्यातच निम्मी कमाई जाई.

तात्यांनी दोन हंगाम पैसा मागे टाकला. पोटाला चिमटा घेऊन एक लाख ऐंशी हजार रुपये जमवले. आता जुनी मोटार घ्यायची असे ठरले.

तालुक्याच्या गावी एकजण गाड्यांचे व्यवहार करी. त्याने पांढरी गाडी दाखवली. गाडी नीट होती. नंबर एमएच १४, म्हणजे पिंपरी-चिंचवडकडची.

तो म्हणाला, "तात्या, मालक चाकणला कंपनीत हायेत. मला मुक्त्यारपत्र दिलंय. सही केलेले नमुनेपण हायेत. आज वीस हजार इसार द्या. बाकीचे उद्या आनून द्या आन् गाडी घेऊन जा. परवा दुसरं गिऱ्हाईक येनार हाय बगा."

तात्यांचा हात खिशाकडे गेला. माई म्हणाली, "थांबा वो. कागद मला दाखवा."

माई दोन वर्षे रात्रीच्या वर्गाला जात होती. ऊसाच्या फडावरून आली, तरी पुस्तक सोडले नाही. तिने मुक्त्यारपत्र हातात घेतले. कागद मराठीत होता, पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर होता. ती बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली. तात्या अवघडून उभे राहिले. तो माणूस हसला. "वहिनी, दिस मावळंल आता."

माईने मान वर केली नाही. शेवटपर्यंत वाचून ती म्हणाली, "भाऊ, यात गाडीची देखभाल करावी, दुरुस्ती करावी, असं लिव्हलंय. गाडी विकावी, असं कुठं लिव्हलंय?"

"ते त्यातच आलं की वहिनी."

"कशापायी आलं? मी तुमाला माझी शेळी राखायला दिली, तर ती विकायचीपन का?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "हे सहीचे नमुने बघा." नमुन्यांवर खाली सही होती. वर सगळे कोरे. ना तारीख, ना घेणाऱ्याचे नाव, ना किंमत.

माई म्हणाली, "मालकाला फोन लावा. दोन शब्द बोलते."

"फोन लागत न्हाई त्यांचा. रात्रपाळी असते."

परत येताना तात्या रागावले होते. "हातची गाडी घालवलीस तू."

माई म्हणाली, "आवं, कारखाना आनि आपन यांच्यामधी मुकादम असतो. कारखाना काय देतो आन् आपल्या हातात काय पडतं, हे आपल्याला कधी कळलं का? मधल्या मानसाचं ऐकावं. पन हिशोब धन्यासंगं करावा."

तात्या काही बोलले नाहीत. पण रात्री त्यांनीच चाकणला कामाला असलेल्या गावच्या एका पोराला फोन लावला. मुक्त्यारपत्रावरचा पत्ता माईने उतरून आणला होता.

रविवारी तो पोरगा त्या पत्त्यावर गेला. दार एका बाईने उघडले. गाडीचे मालक म्हणजे तिचे यजमान. ते आठ महिन्यांपूर्वीच वारले होते. गाडी त्यांनी आपल्या हयातीत दुरुस्तीला म्हणून दिली होती. नंतर ती परतच आली नाही. बाई एकटी, पदरात दोन मुले. ती फोनवर माईला म्हणाली, "ताई, गाडी विकायची नाही असं नाही. मला पैशाची गरज आहे. पण मला कुणी विचारलंच नाही हो."

तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला. दोन हंगामांचा घाम वाया जाणार होता. आणि नुसता आपलाच नव्हे. त्या बाईच्या मुलांचाही घास जाणार होता.

पुढे बाईने पोलिसांत अर्ज देऊन गाडी ताब्यात घेतली. ती आधी आपल्या नावावर करून घेतली. मग तात्यांनी तीच गाडी तिच्याकडून एक लाख पासष्ट हजारांना घेतली. पैसे तिच्या बँकेतल्या खात्यावर गेले. थोडा उशीर झाला खरा. पण आता आजी दवाखान्यात जाताना खिडकीतून डोंगर बघत जाते.

३. कायदा काय म्हणतो?

माईला कायदा ठाऊक नव्हता. पण तिने विचारले तेच कायदाही विचारतो. कसे ते पाहू.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? सन १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम २७ आहे. त्याचा अर्थ असा : जो मालक नाही आणि ज्याला मालकाने विकण्याचा अधिकार दिलेला नाही, त्याच्याकडून वस्तू घेतली, तर घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. या नियमाला थोडे अपवाद आहेत. पण अपवादाच्या भरवशावर कुणी विहिरीत उतरू नये. तुम्ही भोळेपणाने पैसे दिले असले, तरी गाडी जाऊ शकते. चोरीची निघाली तर पोलीस ती जप्त करतात. मग पैशासाठी त्या मधल्या माणसाचे घर शोधत फिरावे लागते.

मालक गेला, अधिकार गेला. दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याला मुखत्यार म्हणतात. बोलताना आपण मुक्त्यार म्हणतो. मुखत्याराचा अधिकार मालकाने दिलेला असतो. कागदात जेवढे लिहिले, तेवढाच तो असतो. सन १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मालक वारला की साधारणपणे मुखत्यारपण संपते. म्हणून कागद पाहून भागत नाही. मालक हयात आहे का, आणि त्याची आजही विकण्याची इच्छा आहे का, हेही पाहावे लागते.

गाडीचाही फेरफार असतो. जमीन घेतली की आपण तलाठ्याकडे जातो. फेरफार होतो. सातबाऱ्यावर नाव चढते. गाडीचे तसेच आहे. गाडीचा सातबारा म्हणजे आर. सी. बुक. हल्ली ते कार्डाच्या रूपात येते. त्यावर ज्याचे नाव, तो सरकारदरबारी मालक. नाव बदलण्याचा नियम १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. गाडी राज्यातल्या राज्यात विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर. टी. ओ. ला कळवायचे. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे. त्यासाठी दोन छापील नमुने आहेत. नमुना २९ म्हणजे विकल्याची खबर. नमुना ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिकडच्या आर. टी. ओ. चा ना-हरकत दाखलाही लागतो. तो नमुना २८.

मालक वारला असेल तर. जमिनीला आधी वारसाची नोंद होते, मग विक्री होते. गाडीचेही तसेच करावे. गाडी ज्या वारसाकडे आली, त्याने ती आपल्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ भरायचा. त्याला ३ महिन्यांची मुदत आहे. मृत्यूचा दाखला जोडायचा. मग त्या वारसाने गाडी विकायची. वारलेल्या माणसाच्या सहीचा कोरा नमुना भरून घेणे हा सरळ मार्ग नव्हे, तो गुन्ह्याचा रस्ता आहे.

४. बोजा पाहा

सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो. तसाच गाडीवर बँकेचा बोजा असू शकतो. गाडी कर्जाने घेतली असेल, तर आर. सी. बुकावर त्या बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असते. हप्ते थकले, तर ते गाडी ओढून नेतात. तुम्ही पुरी किंमत मोजली, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

म्हणून कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागा. बोजा उतरवण्याचा नमुना ३५ असतो. त्यावर बँकेची आणि मालकाची सही लागते. "कर्ज कधीच फिटलंय," हे तोंडी बोलणे धरू नका. बोजा आर. सी. बुकावरून उतरला, तरच तो उतरला.

आर. सी. बुक इंग्रजीत असते. ते वाचता येत नसेल, तर लाजू नका. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या. सरकारचे एम-परिवहन नावाचे मोबाईल ॲप आहे. त्यात गाडीचा नंबर टाकला की गाडी कधी नोंदली, विमा कधीपर्यंत आहे, अशी माहिती दिसते. पोलिसांचा दंड, म्हणजे ई-चलान थकले आहे का, तेही सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. मग गाडीजवळ जाऊन चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बुकातल्या नंबरांशी एकेक अक्षर ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी मागे फिरा.

५. मालक येऊ शकत नसेल तर?

मधला माणूस लबाडच असतो, असे नाही. बाप पुण्याला अंथरुणाला खिळलेला असतो, मुलगा गाडी विकतो. बहीण मुंबईला असते, भाऊ विकतो. हे व्यवहार सरळ असू शकतात. मग काय करावे?

एक. मालकाशी स्वतः बोला. आर. सी. बुकावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव एकच आहे का पाहा. मोबाईलवर चेहरा पाहून बोलता येते. मात्र मधला माणूस जो नंबर देईल, तेवढ्यावर थांबू नका. आपला कुणी माणूस मालकाच्या पत्त्यावर जाऊन आला, तर सर्वांत बरे.

दोन. मालकाला साधे प्रश्न विचारा. "गाडी विकायची आहे ना? किती रुपयांना? या माणसाला तुम्हीच सांगितले का?" मालकाने सांगितलेली किंमत आणि मधल्याने सांगितलेली किंमत जुळते का पाहा.

तीन. मुखत्यारपत्र असेल तर पूर्ण वाचा. त्यात ह्याच गाडीचा नंबर आहे का? 'विक्री करणे' हे शब्द आहेत का? पैसे घेण्याचा अधिकार दिला आहे का?

चार. पैसे मालकाच्या बँकखात्यावर भरा. मधल्याची दलाली वेगळी द्या आणि तिची पावती घ्या. इसार द्यायचाच तर थोडा द्या, तोही मालकाच्या खात्यावर, आणि चिठ्ठीवर लिहून घ्या.

पाच. भरलेल्या नमुन्यांवर मालकाची सही घ्या. कोऱ्या नमुन्यावरची सही चालवून घेऊ नका.

आणखी एक. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. अशा व्यापाऱ्याने आर. टी. ओ. कडून अधिकारपत्र घ्यायचे असते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर सरकारी संकेतस्थळावर नोंदवायची असते. म्हणून दुकानात गेलात, तर विचारा, "तुमचे अधिकारपत्र दाखवा. ही गाडी तुमच्या ताब्यात दिल्याची नोंद दाखवा." खरा व्यापारी रागावणार नाही.

६. फोनवरचा 'फौजी'

हल्ली एक नवी फसवणूक निघाली आहे. मोबाईलवर गाडीचा फोटो येतो. किंमत अगदी कमी. विकणारा म्हणतो, "मी फौजेत आहे. बदली झाली. गाडी लष्कराच्या ट्रकने घरपोच पाठवतो. आधी भाड्याचे पैसे पाठवा." फौजी पोषाखातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. फौजेबद्दल आपल्याला आदर असतो. त्या आदराचाच तो फायदा घेतो. मग भाड्याचे पैसे, मग कागदाचे पैसे, मग विम्याचे पैसे. गाडी काही येत नाही.

डोळ्यांनी गाडी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच, तर घटकाभरही न दवडता १९३० या नंबरवर फोन करा. हा सरकारचा नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

७. आपण विकणारे असलो तर

आपली गाडी दुसऱ्याच्या हाती विकायला देतानाही हीच खबरदारी घ्यावी. गाडी गेली, पैसे आले, म्हणजे आपण सुटलो असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यात निकाल दिला. एका मालकाने आपली मोटार विकली होती. पुढे ती हातोहात आणखी विकली गेली. पण सरकारी नोंदीत नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या गाडीखाली माणूस मेला. न्यायालयाने सांगितले की नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. गाडी हातची जाऊन दोन वर्षे होत आली होती. तरी नावाने त्याचा पाठलाग सोडला नाही.

म्हणून गाडी विकली की १४ दिवसांच्या आत आर. टी. ओ. ला कळवा. पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

घेणाऱ्यानेही विम्याकडे लक्ष द्यावे. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून विमा आपल्या नावावर करावा. नाहीतर आपल्या गाडीची मोडतोड झाली, तर भरपाई मागताना कंपनी म्हणेल, "विमा तुमच्या नावावर कुठे आहे?"

८. शेवटी एवढेच

आपल्या भागात गाडी ही चैन नव्हे. बीड शहरात रेल्वे पोचली तीच २०२५ साली. डोंगरातल्या वाडीला अजून फाट्यापर्यंत चालावे लागते. म्हणून गाडी घ्यावी, जुनीही घ्यावी. पण गाडीचा पैसा कोयत्याने मिळवलेला असतो. तो देताना घाई कसली? "दुसरं गिऱ्हाईक येतंय," असे कुणी म्हटले, तर म्हणावे, "येऊ द्या. आम्हाला मालक भेटू द्या."

माईने त्या दिवशी काही मोठे केले नाही. फक्त कागद शेवटपर्यंत वाचला, आणि जो शब्द असायला हवा होता, तो नाही हे ओळखले. अक्षर शिकण्याचा उपयोग तो हाच.

लक्षात ठेवा

१. गाडी दाखवणारा वेगळा, मालक वेगळा.
२. मालकाशी बोलल्याशिवाय इसार नाही.
३. पैसे मालकाच्या खात्यावर, दलाली वेगळी.
४. कोऱ्या नमुन्यावरची सही चालवू नये.
५. बोजा बुकावरून उतरला, तरच कर्ज फिटले.
६. मालक वारला असेल, तर आधी वारसाचे नाव, मग विक्री.
७. विकणाऱ्याला १४ दिवस, घेणाऱ्याला ३० दिवस.

प्रश्न

१. मुक्त्यारपत्रात माईला कोणता शब्द सापडला नाही?
२. मालक वारल्यावर मुक्त्यारपत्र का चालत नाही?
३. आर. सी. बुकाला गाडीचा सातबारा का म्हटले आहे?
४. तुमच्या ओळखीत कुणी दुसऱ्याच्या नावावरची गाडी वापरते का? त्यांना हा धडा वाचून दाखवा.
५. घरात गाडी असेल, तर तिचे बुक काढा. मालकाचे नाव, चेसिस नंबर आणि विम्याची मुदत वहीत लिहा.